थंड पाण्याचं पिंप घरी आणावं का?

(सामुदायिक रेडिओवर डिसेंबरमध्ये झालेलं हे भाषण श्रोत्यांच्या मागणीवरून छापत आहोत. बोलणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतात.)



मागच्या पंधरवड्यात आपल्या केंद्राच्या फोनवर एका ताईंनी प्रश्न नोंदवून ठेवला होता. वय एक्कावन्न. पाळी जाऊन वर्ष झालंय. रात्री दोन-तीनदा अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते ती मोडतेच. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. त्यांचा मुलगा जिमला जातो. त्याने मोबाइलवर बघून दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं, अंगणात ठेवलं, आणि बर्फ टाकून रोज सकाळी त्यात गळ्यापर्यंत बसतो. तो आईला म्हणाला, ‘तूही बस, तुझ्या वाफा जातील.’ घरातले बाकीचे हसले. ताई फोनवर म्हणाल्या, ‘मला खरं तर बसायचंय. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही करावंसं वाटलंय. पण भीती वाटते. बसू का?’

मी त्यांना उलट फोन करून तीन गोष्टी विचारल्या: गोळीचं नाव काय, रक्त शेवटचं कधी तपासलं, आणि सकाळी त्या वेळेला घरात कोण असतं. हे तीनच प्रश्न का, ते आज सांगते. असा प्रश्न फक्त त्यांचाच नाही. दवाखान्यात येणाऱ्या मुलीही हल्ली विचारतात, ‘डॉक्टर, आइस बाथ चांगला असतो ना?’

आधी आइस बाथ किंवा कोल्ड प्लंज म्हणजे काय ते बघू. साधारण १५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गार पाण्यात छातीपर्यंत किंवा गळ्यापर्यंत काही मिनिटं बसायचं. नेदरलँड्सच्या विम हॉफ यांच्यामुळे हे जगभर गाजलं. आपल्याकडे कुणी म्हणेल, यात नवीन काय? आमची आजी कार्तिकात पहाटे नदीवर जायचीच की. जायची, खरंय. पण दोन फरक आहेत. एक म्हणजे आपल्याकडचं नदीचं किंवा विहिरीचं पाणी बर्फाच्या पाण्याइतकं गार कधी नसतं. विहिरीचं पाणी तर बाराही महिने जवळपास सारखंच असतं, म्हणून उन्हाळ्यात ते गार लागतं आणि थंडीत हाताला कोमट लागतं. दुसरा फरक म्हणजे तांब्याने पाणी अंगावर घेणं वेगळं आणि पाण्यात बुडून बसणं वेगळं. तांब्याचं पाणी अंगावरून ओघळून जातं. पाण्यात बसलं की सगळ्या कातडीला एकदम गारठा लागतो, आणि हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. म्हणून आजीने केलं तर मीही करीन, हा हिशोब इथे चालत नाही. (आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला आपण बंब पेटवून कडकडीत पाणीच घेतो, हेही लक्षात असू द्या. आपल्या चालीरीतींत गारही आहे आणि गरमही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. गार पाण्यात शिरल्यावर पहिल्या मिनिटात काय होतं?

कातडीला एकदम थंडी लागली की माणूस आधी जोरात श्वास आत ओढतो. हे आपण करत नाही, ते आपोआप होतं. हिवाळ्यात चुकून गार पाण्याचा तांब्या पाठीवर पडला की ‘हा’ असा आवाज निघतो ना, तेच. फक्त पिंपात ते कितीतरी जास्त होतं. पुढे श्वास भराभर चालू होतो, आवरता आवरत नाही. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ढकललं जातं, ब्लडप्रेशर चढतं, हृदय धावायला लागतं. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठाचे प्राध्यापक माइक टिप्टन यांनी या विषयाचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. गार पाण्यात पडलेली माणसं थंडीने गोठून मरतात असं आपल्याला वाटतं, पण गोठायला वेळ लागतो. पुष्कळ जण त्याच्या कितीतरी आधी जातात, कारण पहिल्या मिनिटात श्वास आत ओढताना पाणी आत जातं, किंवा हृदयाचा ठोका बिघडतो.

तोंडही पाण्याखाली घातलं तर आणखी एक गोष्ट होते. चेहऱ्याला गार पाणी लागून श्वास कोंडला की शरीर हृदयाला सावकाश चालायला सांगतं. त्याच वेळी बाकीच्या अंगाची थंडी हृदयाला धावायला सांगते. एकाच बैलाला एक जण पुढे हाकतोय आणि दुसरा कासरा मागे ओढतोय, असं होतं. निरोगी माणसाचं हृदय ते बहुतेक वेळा निभावून नेतं. ज्याच्या हृदयाच्या ठोक्यात आधीच दोष आहे, त्याचं निभेलच असं नाही. आणि तो दोष आहे हे अनेकांना माहीतही नसतं. म्हणून मी कुणालाही सांगते, डोकं पाण्याखाली घालू नका. व्हिडिओत घालत असले तरी घालू नका.

गंमत अशी की लोकांना जे आवडतं, तेही याच पहिल्या मिनिटातून येतं. शरीराला वाटतं की संकट आलं. मग नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं द्रव्य रक्तात वाढतं. डोकं लख्ख होतं, मरगळ जाते, बाहेर आल्यावर काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं. ते खोटं नाही. मुलगा अंगणातून हसत हसत घरात येतो तो उगाच नाही. पण धोका आणि मजा एकाच दारातून आत येतात. धोका बाहेर ठेवून नुसती मजा आत घेता येत नाही. धोका कमी मात्र करता येतो. त्याकडे नंतर येते.

फायदे किती खरे आहेत? मोबाइलवर सांगतात की रोगप्रतिकारशक्ती वाढते, चरबी जळते, नैराश्य जातं, त्वचा उजळते.

सर्दी-तापाबद्दल एक चांगला मोठा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीन हजारांवर माणसं होती. त्यांनी महिनाभर रोज गरम पाण्याची आंघोळ झाल्यावर शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार शॉवर घेतला. काहींनी नेहमीसारखी आंघोळ केली. गार पाणी घेणाऱ्यांनी आजारपणाच्या रजा २९ टक्के कमी घेतल्या. पण आजारी दिवस मोजले तर ते जवळजवळ तेवढेच. म्हणजे आजारी पडले तितकेच, घरी बसले कमी! जरा उत्साह जास्त राहिला असावा, असं मला वाटतं. दुसरी गोष्ट अशी की ३० सेकंदवाल्यांना आणि ९० सेकंदवाल्यांना फायदा सारखाच. आणि हे सगळं पिंपाने नव्हे, नळाच्या पाण्याने झालं. ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२५ साली असे अकरा अभ्यास एकत्र करून पाहिले. गार पाण्यानंतर बारा तासांनी ताण कमी झाल्याचं दिसलं, पण लगेच किंवा एका तासाने नाही. झोप आणि जगण्याच्या समाधानाबद्दल थोडा फायदा दिसला. मनःस्थितीबद्दल ठोस काही दिसलं नाही. आणि या अभ्यासांमध्ये वेगवेगळ्या प्रकारची माणसं फार कमी होती. हा या विषयातला जुनाच प्रश्न आहे. चरबी आणि चयापचयाबद्दलचा, आठवड्याला अकरा मिनिटं वगैरे म्हणतात तो अभ्यास तर मोजक्या तरुण पुरुषांवर झाला होता. पन्नाशीच्या, चार जणांचं करून थकलेल्या बाईवर नाही.

वजनाचं सांगते, कारण ते सगळ्या विचारतात. थंडीत शरीर उष्णता करायला थोडं इंधन जाळतं, हे बरोबर. पण दोन मिनिटांत असं कितीसं जळणार? आणि बाहेर आल्यावर भूक लागते. पिंपातून बाहेर येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर हिशोब उलटाच. वजनासाठी पिंप आणू नका.

मुलासाठीही एक सूचना. दुखऱ्या स्नायूंना गार पाण्याने आराम पडतो, हे खरं. पण वजनं उचलून दंड-मांड्या वाढवायच्या असतील आणि प्रत्येक व्यायामानंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसला, तर स्नायू कमी वाढतात, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. जिमच्या दिवशी पिंप नको, किंवा काही तास मध्ये जाऊ दे. ताईंनी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचं तोंड पडलं म्हणे.

पाळी जातानाच्या त्रासाबद्दल ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक स्त्रियांना प्रश्न विचारून एक पाहणी झाली, २०२४ साली ती प्रसिद्ध झाली. समुद्रात, नदी-तळ्यात गार पाण्यात पोहणाऱ्या या बायका. पाळी जाण्याच्या काळातल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या म्हणाल्या, चिंता कमी झाली. तीस टक्के म्हणाल्या, वाफा कमी झाल्या. ऐकायला छान वाटतं. पण ज्यांना गार पाणी आवडतं त्याच तिथे जातात आणि त्यांनाच विचारलं होतं. शिवाय त्या मैत्रिणींबरोबर जातात, हसतात, पोहतात, थर्मासमधला चहा पितात. त्यातलं किती पाण्याचं आणि किती मैत्रिणींचं, कसं वेगळं करणार? अंगणात एकटीने पिंपात बसून ते मिळेल असं मला सांगता येणार नाही.

आता कोणी बसू नये ते ऐका. हृदयाचा आजार आहे, पूर्वी झटका येऊन गेलाय, ठोके चुकतात, छातीत दुखतं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय. ब्लडप्रेशर आहे आणि ताब्यात नाही. पक्षाघात होऊन गेलाय. फिट येतात, म्हणजे आकडी. दमा आहे आणि गार हवेने वाढतो. थंडीत बोटं पांढरीफटक, मग निळी पडतात. गार पाणी लागलं की अंगावर गांधी उठतात. ही साधी गोष्ट समजू नका, पूर्ण अंग बुडवलं तर अशा माणसाचं ब्लडप्रेशर एकदम खाली जाऊ शकतं. मधुमेहामुळे पायांना बधिरपणा आला आहे. पोटात बाळ आहे, किंवा नुकतीच बाळंतीण आहे. थायरॉइडचं औषध अजून नीट लागू पडलेलं नाही, सारखी थंडी वाजते. या सगळ्यांनी पिंपापासून लांब राहायचं. यातलं एखादं असूनही फारच इच्छा असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून मग ठरवायचं.

पाळीच्या दिवसांत? ‘त्या दिवसांत गार पाणी नको, अंगावरून जाणं थांबतं’ असं घरोघरी सांगतात. गार पाण्याने रक्तस्राव आत कोंडत नाही. बरं वाटत असेल तर हरकत नाही. रक्तस्राव जास्त असेल, चक्कर येत असेल तर नको, आणि त्याचं कारण रक्त.

रक्ताबद्दल जरा थांबून बोलते, कारण परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे दोन बायकांमागे एकीच्या अंगात रक्त कमी असतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. अंगात लोह आणि रक्त कमी असेल तर शरीराला स्वतःला गरम ठेवणं जमत नाही. अमेरिकेत १९९० च्या सुमाराला एक प्रयोग झाला होता. रक्त कमी असलेल्या आणि नसलेल्या बायकांना २८ अंशांच्या पाण्यात बसवलं. २८ अंश म्हणजे बर्फ नाही, आपल्याकडे कित्येकदा नळाला येतं तेवढंच. तरी रक्त कमी असलेल्यांच्या शरीराचं तापमान जास्त उतरलं. लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यात सुधारणा झाली. मग विचार करा, हिमोग्लोबिन नऊ असलेली बाई दहा अंशांच्या पाण्यात बसली तर? म्हणून मी पहिल्यांदा विचारते, रक्त कधी तपासलं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, आणि पिंप आणण्याआधी तीच करावी.

आता समजा सगळं ठीक आहे आणि तुम्हाला करायचंच आहे. घरचा हिशोब मांडू.

दोनशे लिटरच्या पिंपात माणूस बसला की पाणी मावतं साधारण एकशे चाळीस लिटर. पाणी २६ अंशांवर असेल आणि १५ वर आणायचं असेल, तर सोळा किलोच्या आसपास बर्फ लागतो. १० वर न्यायचं तर पंचवीस किलो. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३२ ला असेल तर १५ वर आणायलाच पंचवीस किलो. फ्रीजच्या ट्रेमध्ये पाव किलो बर्फ होतो असं धरा. म्हणजे साठ-पासष्ट ट्रे, रोज! म्हणजे बर्फाची लादी विकत आणायची. भाव तुमच्या गावचा तुम्हाला माहीत. कारखान्यातला खाण्याचा नसलेला बर्फ अनेकदा कसल्याही पाण्याचा असतो. ओळखू यावा म्हणून त्याला निळसर रंग द्यावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. त्या पाण्याचा घोट पोटात जाऊ देऊ नका, अंगावर जखम असेल तर बसू नका. आणि एकशे चाळीस लिटर पाणी. एप्रिलमध्ये ज्या वाडीला टँकर येतो, तिथे हे बोलायलाही मला संकोच वाटतो. रोज बदललं नाही तर पाणी घाण होणार. साठवलं तर डेंग्यूचा डास अंडी घालणार, आणि आरोग्यसेविका कोरडा दिवस पाळायला सांगून सांगून थकलेली.

थंडीच्या दिवसांत मात्र निसर्गच मदत करतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी डिसेंबरच्या पहाटे चांगलंच गार असतं. एक साधा पाण्याचा थर्मामीटर घ्या आणि मोजा. वीसच्या खाली असेल तर नवशिक्या बाईला ते पुष्कळ आहे. बर्फ कशाला हवा?

पिंपाबद्दल तीन-चार गोष्टी. बाजारात जुनी निळी पिंपं स्वस्त मिळतात. आधी त्यांत काय भरलेलं होतं, ते विकणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. रसायनाचं असेल तर धुऊनही वापरू नका. उभं पिंप अरुंद असतं. आत उतरायला सोपं, पण दोन मिनिटांनी बोटं ताठरतात, पकड राहत नाही आणि बाहेर चढायला जमत नाही. घरात दुसरं कुणी नसेल तर तिथेच अडकायला होतं. उभ्या पिंपापेक्षा बुटकी, पसरट टाकी बरी, शेजारी न हलणारं स्टूल, पायाखाली न घसरणारी फरशी. जुना डीप फ्रीजर पाण्याने भरून त्यात बसतात असंही मुलं दाखवतात. वीज आणि पाणी एकत्र, आणि मधे ओलं अंग. अजिबात नाही.

आणि घरात रांगतं, चालतं मूल असेल तर भरलेली टाकी उघडी ठेवायची नाही. लहान मूल बादलीभर पाण्यातही डोकं खाली जाऊन बुडतं, आणि आवाज होत नाही. झाकण घट्ट बसणारं हवं, किंवा काम झालं की लगेच पाणी झाडांना घालून टाकी पालथी.

सुरुवात पिंपाने करू नका. आठ-दहा दिवस नेहमीच्या आंघोळीच्या शेवटी दोन तांबे गार पाणी घ्या. आधी पाय, मग हात, मग खांदे आणि पाठ. तीस सेकंद पुरे. या वेळात एकच काम करायचं, श्वास सावकाश बाहेर सोडायचा. ओठ चंबू करून, चहा फुंकतो तसा. काही दिवसांत लक्षात येईल, पहिला ‘हा’ कमी होतोय. प्रयोगशाळेतही असंच दिसलं आहे, थोड्या थोड्या वेळाच्या पाच-सहा खेपा झाल्या की दचकणं बरंच कमी होतं. शरीर शिकतं. धोका कमी करता येतो म्हणाले, तो असा.

मग टाकीत बसायचं तर एक मिनिटापासून. पाण्यात उतरताना हळूहळू, उडी नाही. न्हाणीघरात असाल तर आतून कडी लावू नका. बाहेर कुणीतरी जागं माणूस हवं, अंथरुणात लोळणारं नाही. उपाशी, भरपेट किंवा उपवासाच्या दिवशी नको. पाण्यात बसून भस्त्रिका किंवा भराभर श्वासाचा कुठलाही प्रकार करू नका. जोराजोरात श्वास घेतला की श्वास कोंडल्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस शुद्ध हरपून पाण्यात जातो. पोहणाऱ्या धडधाकट माणसांचेही असे जीव गेले आहेत. विम हॉफ यांचे लोकही ते श्वास पाण्यात करू नका असंच सांगतात, पण रीलमध्ये तेवढा भाग कापलेला असतो.

छातीत दुखलं, ठोके वेडेवाकडे वाटले, डोकं हलकं झालं, बोलताना शब्द अडखळले, की ताबडतोब बाहेर. आणि हुडहुडी भरली तरी बाहेर. हुडहुडी सोसून बसणं ही मर्दुमकी नव्हे, ती शरीराची हाक आहे.

बाहेर आल्यावरही गारठा आत उतरत राहतो. हातापायांचं गार रक्त मध्ये येतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटांनी जास्त थंडी वाजू शकते. अंग कोरडं करा, कोरडे कपडे, स्वेटर, पायात मोजे, बसून गरम चहा. लगेच कडकडीत पाण्याची आंघोळ नको, चक्कर येते. लगेच स्कूटरही नको, ब्रेक दाबायला बोटं हवीत.

हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, मग उन्हाळ्यात ऊन लागलेल्या माणसालाही गार पाणी घालू नये का? नाही, ते अगदी उलट आहे. उष्माघातात, अंग तापलंय, भान हरपतंय, तिथे आधी गार पाणी, ओली चादर, पंखा, आणि त्याच वेळी गाडी बोलवा. तिथे गार पाणी हेच औषध आहे, थांबायचं नाही. तुमच्या शेतात मजूर असतील तर हे पक्कं लक्षात ठेवा.

आता त्या ताईंकडे येते. गोळीचं नाव त्यांनी पाकिटावरून वाचून दाखवलं. हृदयाचे ठोके हळू करणारी गोळी निघाली. ती घेणाऱ्यांचे हातपाय आधीच गार पडतात, आणि गार पाण्याच्या धक्क्याला हृदय कसं उत्तर देईल ते बाहेरून कळत नाही. रक्त चार वर्षांत तपासलेलं नव्हतं. तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. आणि सकाळी मुलगा कामाला गेला की घरी त्या आणि सासूबाई, दोघीच.

मी त्यांना ‘नाही’ म्हणाले. म्हणताना मला वाईट वाटलं, कारण त्यांच्या आवाजात एवढ्या वर्षांनी काहीतरी उमेद होती. म्हणून नुसतं नाही म्हणून सोडलं नाही. वाफांसाठी वेगळी भेट ठरवली. त्यावर उपचार आहेत, गोळ्या आहेत. ‘वय झालं, होणारच’ असं म्हणून सोसत बसायचं कारण नाही. रात्री उशाशी ओला पंचा आणि पातळ सुती गाऊन, निजायच्या आधी पाय बादलीतल्या साध्या नळाच्या पाण्यात पाच मिनिटं. वाफ आली की तोंडावर, मानेवर ओला हात. संध्याकाळचा चहा आणि तिखट कमी करून बघायचं. लोहाच्या गोळ्या तीन महिने, जेवणाबरोबर चहा नाही.

परवा त्यांचा फोन आला. पाय बुडवून बसायला बरं वाटतं म्हणाल्या, सासूबाईंनीही शेजारी दुसरी बादली मांडली आहे. मार्चमध्ये रक्त पुन्हा तपासायचं आहे, गोळीबद्दल त्या वेळी बोलू असं ठरलंय. पिंप अंगणातच आहे. मुलगा आठवड्यातून दोनदा बसतो, जिमच्या दिवशी नाही, आणि शेजारच्या घरी रांगणारं बाळ आहे म्हणून त्याने लाकडी झाकण करून घेतलंय.